शेवटून येणारी घोडी

ऊर्जानगरच्या कंपनी बसमध्ये एक सहकारी रोज माझ्या शेजारी बसायचा. बस सुटली की मोबाइल बाहीला पुसायचा आणि घोड्यांच्या शर्यतीचा गेम उघडायचा. त्यात आपला तबेला सांभाळायचा, दुसऱ्या खेळणाऱ्यांच्या घोड्यांशी शर्यत लावायची आणि खोटे पैसे कमवायचे. मलाही त्यानेच शिकवलं.

"आयका भाऊ, सुरुवातीले महागडा घोडा घेऊच नका. लहान शर्यतीत पळवा, बक्षीस कमी पण पक्कं. थकला तं आराम द्या. अन् हरायले लागला का इकून टाका. माया करून तबेला चालत नाई."

त्याच्या तबेल्यात मात्र एक तांबडी घोडी होती, सगळ्यात पहिली घेतलेली. ती कायम शेवटून पहिली यायची. बाकीच्यांनी जिंकलेलं तिच्या खुराकात जायचं.

"मंग हिले काऊन ठेवली?" मी विचारायचो.

"राहू द्या," म्हणून तो खिडकीबाहेर बघायचा.

पुढे गेम बंद होणार असल्याची सूचना आली. खेळणारे एकेक करून गळाले. मीही मोबाइलमधून काढून टाकला. बंदच होणार, तर ठेवून काय करायचं?

शेवटच्या दिवशी त्याने बाकीचे घोडे बांधून ठेवले आणि तांबडीला शर्यतीत उतरवलं. ती पहिली आली.

"जिंकली ना शेवटी," मी म्हणालो.

तो कितीतरी वेळ मोबाइल बाहीला पुसत राहिला.

"शर्यतीत एकटीच पयाली, भाऊ. तुमचा तरी घोडा पाह्यजे होता."