तिच्या घरचं पाणी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वहिनी म्हणते, पाठ टेका जरा, बॅग काय पळून जात नाही. मी बॅगेशेजारीच चटईवर आडवी होते. परवा विमान आहे. आफ्रिकेत, मलावीतल्या मिशनच्या दवाखान्यात निघालेय, नर्सचं काम आणि जमेल तशी देवाच्या वचनाची सेवा. पंखा कुरकुरतोय. वहिनीच्या भांड्यांचा आवाज लांब जातो, आणि बॅगेवर दादा बसलेले दिसतात.

माझे वडील. नाताळानंतर गेले. तीस वर्षं कॅरियरला पेटी बांधून सायकलवर गावोगाव उपदेशकाचं काम केलं त्यांनी. आत्ताही पायजम्याला क्लिप लावलेली आहे.

उठा, बॅग दबेल, असं मी म्हणते. गेलेल्या माणसाशी हे काय बोलणं झालं? पण मला राग आहे त्यांचा. मी जाते म्हटलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, इथली गावं संपली का? मग त्या विषयावर तोंड उघडलं नाही ते नाहीच. चर्चच्या साऱ्या मंडळीने होकार दिला, यांचा तेवढा राहिला.

दादा बॅग उघडून बघतात. औषधं, पट्ट्या, लेकरांचे स्वेटर, चित्रांची पुस्तकं. तिकडं थंडी असते का, विचारतात. असते, मी सांगते.

"सगळं द्यायचंच भरलंस, सुवार्ता," ते म्हणतात. "मागायचं काय?"

"मागायला कशाला जाऊ मी तिथं?"

ते मिशीत हसतात. बॅग आता चर्चमध्ये आहे, उपकारस्तुतीच्या सणाला वाहिलेल्या कणसांत आणि भोपळ्यांत. एक कोंबडी तिच्यावर चढून बसलीय. मी तिला हाकलते तर मी सायकलच्या दांडीवर, बारा वर्षांची आणि पंचेचाळीसचीही, कारण पाय जमिनीला घासतायत. दादा मागून भजन गुणगुणतायत. खोबरेल, धूळ आणि घाम, हा वास मला किती हवा होता ते आत्ता कळतं आणि रडू येतं.

रस्ता ओळखीचा आहे. घाटाखालचं ते गाव. तिथं आमच्या लोकांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. तरी दादा नऊ वर्षं जात राहिले. मग एका उन्हाळ्यात तिथली एक बाई आपणहून भरला तांब्या घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी बारा वर्षांची दीडशहाणी. म्हटलं, नको, आम्ही घरून आणलंय. नऊ वर्षांनी पुढे आलेला तांब्या मी परत पाठवला. परतताना सबंध वाट दादा माझ्याशी बोलले नाहीत.

तेच दार. पण अंगणातली माती लाल आहे, मका वाळत घातलाय, आणि दारातल्या बाईने कमरेला रंगीत कापड गुंडाळून पाठीशी बाळ बांधलंय. दादा सायकल धरून रस्त्यावरच थांबतात.

"माग," ते म्हणतात.

"मला त्यांची भाषा येत नाही."

"तहान लागलीय ना?"

लागलीय. घसा नुसता कोरडा पडलाय. मी दाराशी जाते. एवढी नर्सबाई, पण लाज वाटते, आणि नकळत मी खाली वाकून ओंजळ पुढे करते. बाई माझे हात हलकेच बाजूला करते आणि तांब्याच हातात देते. मी घटाघटा पिते. निम्मं अंगावर सांडतं.

"दादा, जाऊ का मी?"

ते सायकलवर टांग टाकतात. "आता जा," म्हणतात. "पोचलीस की आधी त्यांच्या घरचं पाणी माग. औषध मग दे."

वहिनी चहाला हाका मारतेय. मी उठून बसते.

"केवढा घाम आलाय ताई," ती म्हणते, आणि हात लावून बघते. गळ्यापासून पोटापर्यंत कुर्ता चिंब आहे, पाठ कोरडी. एप्रिलात आमच्या नळाला कढत पाणी येतं. हे गार आहे. वहिनी बोटं चोळत माझ्याकडे बघत राहते.

"दादा हो म्हणाले," मी तिला सांगते.

ती दुसरा कुर्ता आणून देते. मी बदलत नाही. ओला तसाच अंगावर वाळू देते.