सुमनबाईंनी अडवलेली गाडी

सुमनबाई कांबळे गेल्या, हे मला साताऱ्याच्या स्टँडवर वर्तमानपत्रातून कळलं. चार ओळींची बातमी. त्यात लिहिलं होतं, 'सांगलीच्या फिरत्या दवाखान्यातील नोकरी त्यांनी प्रकृतीच्या कारणाने सोडली होती.' हे साफ खोटं आहे. त्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर मी होतो, म्हणून लिहायला बसलो.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. फौजेतून सुटून मी हा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेत लागलो. जुनी पेट्रोलची गाडी होती. माण तालुक्यातल्या गावांना औषधं न्यायची, अडलेल्या बाया मोठ्या दवाखान्यात पोचवायच्या. बाई नर्स. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म घेतला, तेव्हापासून कुणापुढं मान खाली घालायची नाही, हे वडिलांचं सांगणं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. गाडीत एक खोड होती. प्लगच्या वायरी धुराच्या तापल्या पाइपाला जवळजवळ टेकलेल्या. रबर करपायचं, मग ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच उडायची आणि इंजिन धक्के खायचं. वायरी वर उचलून पट्टीनं बांधायच्या, आचेला न जळणारी ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायची, मध्ये पत्रा बसवायचा... एवढंच काम. मी सेक्रेटरींना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "या फेरीनंतर बघू." तेवढ्यात कुणी पाहुणे येणार म्हणून गाडीला रंग मात्र दिला. बाहेरून गाडी नवरीसारखी झाली. बोनेटखाली होतं तसंच.

उन्हाळ्यात रखमा नावाची पहिलटकरीण घेऊन आम्ही साताऱ्याकडं निघालो. वर्धनगडच्या चढाला इंजिननं मान टाकली. बोनेट उघडलं, तर वायरी पाइपाला चिकटून वितळलेल्या. रखमाची सासू सारखी विचारत होती, "आवं बाई, गाडी कवा हालायची?" बाई म्हणत होत्या, "आत्ता हालंल, आजी. आत्ता." रस्त्याकडेला लिंबाच्या सावलीत बाईंनी रखमाची सुटका केली. मुलगी झाली, रडलीसुद्धा. पण रक्त थांबेना. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे वायरींना गुंडाळले, कशीबशी गाडी हलवली. कोरेगाव यायच्या आत रखमा गेली. बाईंनी तिचा हात साताऱ्यापर्यंत सोडला नाही...

सांगलीला सेक्रेटरी म्हणाले, "केसच अवघड होती."

"होती," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर दवाखान्यात न्यायची होती."

"सिस्टर, गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

"गाडीतलं न्हाई कळत. माझ्या हातात बाई मेली, ते कळतं."

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली, तर बाई फाटकात आडव्या उभ्या. वायरी नीट होईपर्यंत या गाडीत पेशंट घालू देणार नाही म्हणाल्या. सेक्रेटरी ओरडले, धमक्या दिल्या. बाई हलल्या नाहीत. रस्त्यावर माणसं जमायला लागली, तेव्हा कुठं मला "जा, काय करायचं ते कर" असं सांगण्यात आलं. माधवनगरच्या एका गिरणीत बॉयलरवर माझा ओळखीचा माणूस होता. त्याच्याकडून दोरी आणली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. संध्याकाळपर्यंत काम संपलंसुद्धा. एवढ्यासाठी एक जीव जावा लागला!

आणि महिनाभरानं बाईंना काढून टाकलं. उद्धटपणाचं कारण देऊन. मीही राहिलो नाही. साताऱ्यात येऊन टॅक्सी घेतली. बाई इथंच आसपासच्या खेड्यांतून बाळंतपणं करत राहिल्या, पायी, कधी एस.टी.नं. माणला जाऊन रखमाच्या पोरीला बघून यायच्या. त्यांच्या तब्येतीला तेव्हा काही धाड भरली नव्हती.

शेवटची भेट गेल्या जूनमधली. सुट्टीत आपल्याकडं आणलेल्या त्या पोरीला शाळेत घालायला दहिवडीला निघाल्या होत्या. माझ्या टॅक्सीपाशी आल्या आणि बसायच्या आधी म्हणाल्या, "बोनेट उघडा." मी उघडलं. त्यांनी वाकून एकेक वायर पाहिली. पोरगी टाचा उंचावून बघत होती.

"मावशे, ही पांढरी काय हाय गं?"

"दोरी हाय. ही त्या गाडीत येळेवर गुंडाळली असती, तर आज तुझा हात धरून तुझी आय चालली असती."

मी बोनेट लावलं.