बबनच्या मीटरवरची लाल रेघ

२०२४ साल, आणि मी बहात्तर वर्षांचा. त्या दुपारी अकोल्यात माझ्या गॅरेजवर मी जेवणाचा डबा उघडत होतो, तेवढ्यात अचलपूरच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "काका, बबनभाऊ चिखलदऱ्याच्या घाटात... गाडी खाली गेली. बबनभाऊ गेले." पुढं तो बरंच बोलला. मी एवढंच विचारलं, "इंजिन फुटलं काय?" माणूस गेला आणि हा इंजिनाचं विचारतो, असं माझी बायको सुमन आजही म्हणते. बबन तिचा धाकटा भाऊ, माझा साळा. तिला राग येणारच. पण मला उत्तर आधीच ठाऊक होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं...

बबन माझ्याकडं आला तो कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून, दोन लेकरांचा बाप झाल्यावर. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून आला. मी म्हटलं, "काय बे, वरातीत आला का?" तर म्हणे, "भाऊजी, इंजिनासंग लगनच लावाले आलो." तसंच झालं. इंजिनाला कान लावून बसायचा, बायकोनं वाढलेलं ताट गार व्हायचं. माझ्या गॅरेजचा एक नियम आहे. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानंच गाडी पहिल्यांदा घाटात न्यायची, एकट्यानं. गिऱ्हाइकाला किल्ली त्यानंतर. आपला जीव आत बसणार हे माहीत असलं की कोणी नट ढिला ठेवत नाही. हा नियम मी केला आणि तो मी मोडणार नाही, कोणी काही म्हणो. बबननं अमरावतीला बडनेरा रोडवर स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा हा नियम सोबत नेला. मी त्याला टर्बोच्या हवेचं प्रेशर दाखवणारं एक मीटर दिलं. सुमनचं नेलपॉलिश घेऊन त्याच्या काचेवर लाल रेघ मारली. म्हटलं, याच्या पुढं काटा जाऊ द्यायचा नाही.

टर्बो म्हणजे काय, ते माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याच्या भाषेत सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरानं एक पंखा फिरतो, आणि तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, आणि आतला दणकाही जास्त. कंपनी ती हवा मापात ठेवते. आता लॅपटॉप जोडून ते माप वाढवता येतं, गाडी बाणासारखी सुटते. पण पिस्टनला खालून धरणारा जो कनेक्टिंग रॉड असतो, तो लॅपटॉपनं जाड होत नाही. तो तेवढाच राहतो, आणि सगळा दणका त्याच्याच अंगावर येतो.

आमची शेवटची भेट त्याच रॉडवरून बिघडली. मी अमरावतीला गेलो होतो. त्या व्यापाऱ्याची लाल, ठेंगणी कार बबननं नव्यानं बांधली होती. माणूस पन्नाशीचा, पण घाटात कोणी आपल्याला ओव्हरटेक केलेलं त्याला खपत नव्हतं. बबननं मला शेजारी बसवलं आणि बडनेऱ्याच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर गाडी दाबली. पाठ सीटला चिकटली. समोर माझंच मीटर लावलेलं होतं. काटा रेघेवर आला, रेघेच्या पार गेला आणि तिथंच थरथरत राहिला.

"काय करून राहिला बे? रेघ दिसत नाही तुले?"

"भाऊजी, तुमची रेघ जुन्या इंजिनाची हाय. जमाना कुठल्या कुठं गेला."

"लोखंड तेच हाय. उतरव प्रेशर."

"शब्द देऊन बसलो मी त्याले. तुमी काहून इतके भेता?"

भेता म्हणाला मला. मी म्हटलं, "थांबव गाडी." तो हसत होता, थांबवेना. मी दार उघडायला गेलो तेव्हा थांबवली. उतरलो, चालत स्टँडवर आलो आणि एसटीनं अकोल्याला परतलो. तो बराच वेळ मागून हळूहळू गाडी आणत होता. काच खाली करून म्हणत होता, "बसा ना भाऊजी, बहीण मले जोड्यानं मारीन." मी मान वळवली नाही...

अमरावतीला त्याला अग्नी दिला तेव्हा तो व्यापारी कोपऱ्यात उभा होता. इंजिन घाटातच फुटलं होतं. रॉड तुटून बाहेर आला, तेल चाकाखाली गेलं आणि वळणावर गाडी हातात राहिली नाही. मी व्यापाऱ्याजवळ गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

"झाली हौस?"

मोडलेल्या गाडीतून सोडवून आणलेलं मीटर त्यानं खिशातून काढून माझ्या हातात दिलं. काच शाबूत होती. "काका, घाटात न्यायच्या आधी त्यायनं सकाळीच प्रेशर उतरवलं होतं. माह्या समोर. मी नाराज झालो, तर म्हणाले, भाऊजीच्या रेघेवर नेतो, त्याच्या वर नाही. आल्यावर त्यायले फोन लावतो म्हणाले..."

म्हणजे बबननं माझं ऐकलं होतं. तरी रॉड तुटला. बडनेऱ्याच्या रस्त्यावर काटा पार गेला तेव्हाच तो आत वाकला असणार. एकदा वाकलेला रॉड आखूड पडतो, पिस्टनला पुरता वर नेत नाही, आणि प्रेशर उतरवलं म्हणून सरळ होत नाही. माझी रेघ बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. पण वाकून बसलेल्याला रेघेच्या आत नेलं तरी तो तुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं. सुमन म्हणाली, "आज तरी बसा घरी." बसलो नाही. शेडमध्ये एक टर्बो जीप उभी होती. मालकानं दुसरीकडून तिचं प्रेशर वाढवून घेतलं होतं, वर्षभर तशीच पळवली होती. मी ते उतरवून लाल रेघेइतकं केलं होतं आणि गाडी तयार म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी मीच ती पातूरच्या घाटात नेणार होतो. मालक म्हणाला, "काका, तयार गाडी काहून खोलता?" मी बबनचं मीटर डॅशबोर्डवर ठेवलं, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं आणि पाना लावून एकेक पिस्टन हातानं वर आणला. तीन पिस्टन काठाला लागले. चौथा नखभर खालीच राहिला.