वरच्या मजल्यावरच्या चपला

निम्मे कपडे पिळून झाले होते, निम्मे अजून साबणाच्या पाण्यात होते. साऱ्या इमारतीत ‘ध्यानवाल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वहिनी काम करतानाच मैत्रीभावना करायच्या. एकेकाला आठवून त्याचं भलं चिंतायच्या. वरच्या मजल्यावरच्या मावशींपाशी मात्र गाडी अडायची. मावशींच्या चपला दिवसभर डोक्यावर मिरे वाटत. कालच वहिनी वर जाऊन तोंडसुख घेऊन आल्या होत्या.

आज मात्र मावशींचंही भलं सहज चिंतलं गेलं. असं कसं, म्हणून त्यांनी आपल्याच मनात डोकावून पाहिलं, आणि हातातला पिळा तसाच राहिला. सकाळपासून वर चपला वाजल्याच नव्हत्या. आणि मावशी एकट्या राहत!

वहिनी धावत वर गेल्या. दार ठोठावलं, उत्तर नाही. ढकललं, तर नुसतंच लोटलेलं. मावशी न्हाणीघराच्या दाराशी बसलेल्या, घोटा टम्म सुजलेला.

“अहो मावशी, हाक तरी मारायची!”

“तुझ्यासाठी अनवाणी चालले, तर घसरले. त्यात आणखी हाक मारली असती, तर म्हणाली असतीस, आता म्हातारीला कंठ फुटला!”

हसावं की रडावं, वहिनींना कळेना. त्यांनी मावशींच्या पाठीशी उशी दिली, चपला शोधून जवळ ठेवल्या आणि ओले हात पुसत त्या डॉक्टरांना आणायला निघाल्या.