बर्फाचे टायर

त्या वर्षी दसरा शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशीच आला. शारजातल्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये आम्ही गाडीची पूजा मांडली. टायर आदल्याच दिवशी बदलले होते. दुकानदार म्हणाला होता, "विंटर टायर है, जर्मनी का." ह्यांनी खाचांत अंगठा घालून पाहिला, चपलेचा तळ बघावा तसा. नक्षी खोल, म्हणजे टिकाऊ. शिवाय विंटर तर येतच होता. खलास, घेतले.

पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावायला मी वाकले. मुलगी शेजारी उकिडवी बसली होती. "मम्मा, लुक, स्नोफ्लेक!"

रबरावर डोंगर कोरला होता, त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. कुंकू टेकवलेलं माझं बोट तिथेच थांबलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. कडाक्याच्या थंडीत कडक होऊ नये म्हणून असं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि तेच मऊ रबर तापलेल्या डांबरावर, एकशे चाळीसच्या वेगात? हे दर शनिवारी पहाटे रुवैसला रिफायनरीत ड्युटीवर निघायचे. त्या रस्त्याच्या कडेला फुटलेल्या टायरांच्या चिंध्या मी पाहिल्या होत्या.

"अहो, हे बर्फातले टायर आहेत. उद्या ह्यांच्यावर जायचं नाही."

"अगं, सगळे टायर काळेच असतात. पूजा उरक."

"मग उद्या मीही बसते गाडीत. पोरीला घेऊन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "चला प्रोफेसरबाई. यल्ला."

दुकानापर्यंत काच खाली करून मी चाकांचा आवाज ऐकत होते. जरा वेग वाढला की मुलीचा हात आवळायचे. "मम्मा, यू आर हर्टिंग मी."

दुकानदाराने साधे टायर बसवून दिले. "मॅडम, आज तक किसी की कंप्लेंट नहीं आयी."

कंप्लेंट करायला येणार कोण, असं मनात आलं.

काढलेले टायर त्याने परत दर्शनी रांगेत लावले. एकावर माझं कुंकू तसंच होतं.

"भाईसाब, इनको मत बेचो."

"इन्शाल्ला," तो हसून म्हणाला.

शनिवारी ह्यांचा पोचल्याचा फोन आला. तरी त्या रस्त्याने जाताना कडेला काळी चिंधी दिसली, की त्यावर लाल काही आहे का, ते मी मान वळवून बघायचे.