बाबांची जाम झालेली फटफटी

घरातली थोरली मुलगी दातांच्या कवळ्या बनवायची. तिचे बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ते घराखालच्या गॅरेजात भंगारात निघालेली एखादी जुनी मोटरसायकल दुरुस्त करून पुन्हा चालती करायचे. "तू माणसांचे दात बसवतेस, मी गिअरचे. माझी गिऱ्हाइकं कुरकुर करत नाहीत," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

अशाच एका हिवाळ्यात, भर दुपारी, ते गॅरेजात गेले ते गेलेच. शटर खाली, इंजिन चालू, धूर कोंडला. माणूस पडल्यावरही इंजिन धडधडत राहिलं. तापून तापून पिस्टन जाम झाला, तेव्हा कुठे थांबलं. आवाज अचानक बंद झाला म्हणून आईने खाली डोकावलं. थंडी वाजली म्हणून त्यांनीच शटर ओढलं असणार, असं सगळे धरून चालले.

पुढच्या थंडीत थोरलीने ती मोटरसायकल खोलायला घेतली. शटर सताड उघडं ठेवायची. बोटं बधिर व्हायची, नट हातातून निसटायचे. बाबांचे डेपोतले मित्र पेंटरकाका अधूनमधून येऊन पिस्टन कसा सोडवायचा ते सांगत. आई मात्र गॅरेजात पाऊल टाकत नव्हती. "त्या लोखंडाने माझा माणूस खाल्ला, आता तुला खाऊ दे," एवढंच म्हणायची.

इंजिन पुन्हा जुळलं. टाकीला काळा रंग चढला. आणि एके दिवशी थोरली कामावरून परतली, तर गॅरेजातून ठणाठण आवाज. आई हातोडीने टाकी ठेचत होती. थोरलीने अडवलं नाही. दम लागला तशी आई स्टुलावर बसली.

"शटर मी ओढलं होतं," ती म्हणाली. "त्यांना सर्दी झाली होती ना. तेव्हा इंजिन बंद होतं गं. मग चालू झाल्याचं ऐकलं मी. म्हटलं, जाऊन उघडावं. पण दुपारची पडले होते, अंथरुणातून उठवेना. कंटाळा केला."

'तुझा काय दोष' हे शब्द थोरलीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. तिने हातोडी काढून घेतली. "चल वर. गारठलीस."

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. दोघी जेवायच्या, भांडी घासायच्या, दूध संपल्याचं बोलायच्या. कधी आई एकटक बघत राहायची, जणू मुलगी काहीतरी बोलेल म्हणून. मुलगी पाठ फिरवायची.

थंडी ओसरली तेव्हा पेंटरकाका ठेचलेल्या टाकीसकट मोटरसायकल कायमची घेऊन गेले. आईला त्रास नको म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलतच नेली आणि वळणापलीकडे किक मारली. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. आवाज घरापर्यंत स्पष्ट आला.

आई कांदा चिरत होती. सुरी थांबली. आवाज दूर गेला, विरला, तरी ती तशीच बसून होती. मग थोरलीनेच सुरी तिच्या हातातून घेतली आणि उरलेला कांदा चिरला.