झाकणाखाली

आमच्या ऑफिसात दीड वाजता सगळे डबे एकदम उघडतात. आम्ही पुरुष झाकणावर हात ठेवून "बघू या, आज काय नशिबात आहे," असं म्हणतो. समोरच्या देसाईबाई मात्र डब्याकडे न बघताच झाकण काढतात. काल मी विचारलं, "तुम्हाला काही उत्सुकताच नाही का हो?"

"पहाटे पाचला मीच भरलाय की. उत्सुकता कसली?"

मी माझा न उघडलेला डबा पुढे सरकवला. "आज हा उघडा."

त्यांनी तो दोन्ही हातांनी जवळ ओढला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा कोवळा झालेला मी पाहिला नव्हता. झाकण निघालं. आत गवार होती. त्यांच्याही डब्यात गवारच होती.

"असू दे," म्हणत त्यांनी डबा परत केला.

समाधानी आहात का, असं कुणी विचारलं तर आम्ही सगळे हो म्हणू. पोळ्या मऊ असतात, पगार वेळेवर होतो. फक्त उघडून बघावं असं पुढे काही उरलेलं नाही. माझ्याकडे निदान एक झाकण होतं. पण त्याच वेळी दुसऱ्या ऑफिसात माझी बायको, डब्याकडे न बघता, तीच गवार खात होती.

संध्याकाळी तिने रोजच्यासारखं विचारलं, "डबा संपला?"

"संपला."

ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि अर्धी जुडी हातात घेतली. उद्या काय आहे, ते आता मलाही कळलं.